यलोस्टोनची गाडी चांदोलीत का चालत नाही

दर दिवाळीला कुणाची तरी लेक-जावई अमेरिकेहून इस्लामपूरला (आताच्या ईश्वरपूरला) येतात. मोबाईलमध्ये तिकडच्या यलोस्टोन नॅशनल पार्कचे फोटो असतात : घराएवढी गाडी, दारात दुमडत्या खुर्च्या, मागं अमेरिकी बायसन चरतायत. फोटो बघून झाले की कुणीतरी म्हणणारच, "आपल्याकडं बी नॅशनल पार्क हाय की! चांदोली. अशीच गाडी भाड्यानं घ्यायची आणि धरणाच्या कडेला दोन रात्री काढायच्या." यंदा हे आमचे साडूच म्हणाले, म्हणून लिहायला बसलो.

चांदोली तुम्हाला ठाऊक आहेच. शिराळा, कोकरूड, आरळा करत वारणावतीला पोचायचं, समोर धरणाचा जलाशय, वसंतसागर. १९८५ साली अभयारण्य झालं, २००४ साली राष्ट्रीय उद्यान, आणि २०१० पासून कोयना अभयारण्यासकट सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. क्षेत्र ३१७.६७ चौरस किलोमीटर. यलोस्टोन जवळजवळ नऊ हजार, म्हणजे त्यात अठ्ठावीस चांदोल्या मावतात. तिकडं अस्वलं आणि लांडगे, इकडं गवे आणि बिबटे. हे फरक शाळेतलं पोरगंही सांगेल. (सागरेश्वरला नॅशनल पार्क म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. ते अभयारण्य आहे, आणि माणसांनी झाडं लावून उभं केलेलं आहे.)

गाडीचंही लगेच उरकतो. इंजिन अंगातच असेल तर मोटरहोम, दुसऱ्या गाडीमागं ओढायची असेल तर कॅरॅव्हॅन. आपल्याकडं दोन्हींना कॅरॅव्हॅनच म्हणतात, सरकारच्या २०२१ च्या पर्यटन धोरणातही तोच शब्द आहे. म्हणू द्या, त्यानं कुणाचं बिघडत नाही.

बिघडतं ते 'उद्यान' या शब्दानं. पार्कचं उद्यान कुणी केलं देव जाणे, पण मराठी माणसाला उद्यान म्हटलं की कारंजं, घसरगुंडी आणि भेळ दिसते. मग तो डबे बांधून चांदोलीला येतो आणि फाटकावर विचारतो, "आत बघायला काय आहे?"

यलोस्टोन १८७२ साली कायद्यानं राखलं, तेव्हाच त्या कायद्यात लिहिलं की ही जागा लोकांच्या लाभासाठी आणि आनंदासाठी आहे. माणसानं तिथं यावं, राहावं, हे मुळातच गृहीत आहे. म्हणून आत रस्ते आहेत, हॉटेलं आहेत, तंबूंचे आणि गाड्यांचे तळ आहेत. फिशिंग ब्रिज नावाच्या तळावर तर गाडीला वीज, पाणी आणि सांडपाण्याची नळी तिन्ही जोडता येतात. मात्र तिथं तंबू चालत नाही, पत्र्याच्या भिंतींची गाडीच हवी. कारण ग्रिझली अस्वलं. मी पुतण्याच्या कुटुंबाबरोबर त्या गाडीत झोपलोय. रात्री बाहेर काहीतरी खुसफुसलं तर सूनबाईंनी आधी दार लागलंय का बघितलं, मग मुलांकडं.

आपला वन्यजीव संरक्षण कायदा बरोबर शंभर वर्षांनी, १९७२ साली आला, आणि त्याचा रोख उलटा आहे. राष्ट्रीय उद्यान करायचं म्हणजे आधी त्या जमिनीवरचे माणसांचे हक्क संपवायचे. आत गुरं चारता येत नाहीत. अभयारण्यात जिल्हाधिकारी काही हक्क चालू ठेवू शकतात, राष्ट्रीय उद्यानात ती सोय नाही. आपल्याला आत जायला मिळतं ते परवान्यावर, ठरलेल्या वाटेनं, दिवसाउजेडी. चांदोलीतली गावंच्या गावं उठली, पुनर्वसनासाठी लोकांनी वर्षानुवर्षं उंबरे झिजवले. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांना जिथली चूल विझवून यावं लागलं, तिथं आपण दोन रात्रींच्या हौसेसाठी शेगडी पेटवायची म्हणता? अमेरिकेनं काही वेगळं केलं नाही, तिथल्या मूळच्या शोशोनी लोकांना यलोस्टोनमधून घालवलंच. पण घालवून झाल्यावर तिथं पर्यटकाला अंथरूण घालून दिलं. आपल्या कायद्यानं ते घातलं नाही, आणि मला विचाराल तर बरंच केलं. वीस मिनिटांत वाघ दाखवा म्हणणाऱ्यांची गर्दी मी बघितलीय.

आणखी एक अर्धवट ज्ञान : "अमेरिकेत कुठंही गाडी लावून झोपता येतं." मुळीच नाही. नॅशनल पार्कात ठरलेल्या तळावरच मुक्काम करायचा. रस्त्याकडेला झोपलात तर रेंजर येऊन उठवतो. कुठंही झोपायची मुभा असते ती बऱ्याचदा नॅशनल फॉरेस्टमध्ये. ते वेगळं प्रकरण, खातंही वेगळं : ते शेती खात्याकडं, पार्क गृहखात्याकडं. (हे गृहखातं पोलिसांचं नव्हे, जमिनी-जंगलांचं.) पार्कातही प्रत्येक रस्त्यावर घर घेऊन जाता येत नाही. ग्लेशियर पार्कातल्या घाटरस्त्यावर मधल्या टप्प्यात एकवीस फुटांपेक्षा लांब गाडीला बंदी आहे. शिराळा-आरळा रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागं अडकलेल्यांना ही बंदी पटकन पटेल.

तरीही गाडी न्यायचीच हौस असेल तर न्या, पण उद्यानाच्या बाहेर ठेवा. वारणावतीच्या अलीकडं एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या खळ्यावर, विचारून, चार पैसे देऊन. पावसाळ्यात बेत करू नका, उद्यान बंद असतं आणि तिथला पाऊस गाडीच्या छपराला ऐकत नाही. सकाळी परवाना काढून आत जायचं, अंधाराच्या आत परत. आणि संडासाची टाकी. तिकडं ती रिकामी करायला जागोजाग ठरलेली ठिकाणं असतात. इकडं ती सोय गृहीत धरू नका. टाकी भरली की लोक ओढा शोधतात. चांदोलीचा ओढा म्हणजे वारणा, आणि वारणा हरिपूरला कृष्णेला मिळते.

आमचे साडू हरिपूरचे. हे ऐकल्यावर पहिल्यांदा गप्प बसले. मग म्हणाले, "मग पाव्हणं, गाडीत फक्त झोपायचं. बाकीचं शेतकऱ्याकडं विचारून घ्या."