५०० मीटरचे वर्तुळ आणि कंपाउंडची भिंत

ठाण्याचा घोडबंदर रस्ता एका अरुंद पट्टीत वाढला आहे. एका बाजूला येऊरचे जंगल, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये कापूरबावडीपासून गायमुखापर्यंत गृहसंकुलांची रांग. अशी पट्टी मेट्रोला सोयीची असते, कारण बहुतेकांचा प्रवास एकाच रेषेवर होतो. रस्त्याच्या एका मार्गिकेतून तासाला फार तर २,००० मोटारी जातात; मोटारीमागे दीड माणूस धरला तर ३,००० माणसे झाली. दीड हजार प्रवाशांची गाडी दर चार मिनिटांनी सुटली, तर तेवढ्याच वेळात २२,५०० माणसे जातात. वडाळा ते कासारवडवली या सुमारे ३२ किलोमीटरच्या ‘मेट्रो ४’मागे आणि तिच्या गायमुखापर्यंतच्या विस्तारामागे हेच गणित आहे.

स्थानकापर्यंत चालत येणाऱ्यांचे गणित मात्र वेगळे आहे. राज्याच्या विकास नियमावलीनुसार स्थानकापासून ५०० मीटरच्या आत ४ पर्यंत एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या चौपट बांधकाम, मिळू शकते. नकाशावर कंपासने काढलेल्या या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ७८ हेक्टर भरते. पण माणूस काही पाखरासारखा सरळ येत नाही. गल्ल्या एकमेकींना काटकोनात छेदत असतील, तर ५०० मीटर चालून गाठता येणारा भाग शंकरपाळ्याच्या आकाराचा होतो आणि ५० हेक्टरवर येतो.

घोडबंदरला तर मुळात गल्ल्याच कमी. आठ-दहा टॉवरच्या संकुलाला मोठे फाटक एकच आणि मागची भिंत अखंड. स्थानकाचा जिना त्या भिंतीपासून शंभर पावलांवर असला, तरी फाटकातून बाहेर पडून, भिंतीला वळसा घालून, सर्व्हिस रोडवर लावलेल्या दुचाक्यांमधून वाट काढत पाऊण किलोमीटर सहज होतो. जुलैच्या पावसात एवढे कोण चालणार? माणूस गाडी काढतो आणि वाढीव मजल्यांची गर्दी पुन्हा त्याच रस्त्यावर येते.

वॉशिंग्टनलगतच्या आर्लिंग्टनमध्ये मेट्रो महामार्गाच्या मधोमध नेण्याचा बेत होता. काउंटीने, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाने, आग्रह धरून ती जुन्या बाजाररस्त्याच्या, विल्सन बुलवार्डच्या पट्ट्याखालून नेली आणि १९७९ मध्ये ती त्याच पट्ट्यातल्या बॉलस्टनला पोहोचली. स्थानकालगत उंच इमारती आणि पुढे उतरत जाऊन बैठी घरे, अशी तिथली आखणी आहे. स्थानकातून बाहेर पडणारा माणूस थेट वस्तीतच येतो.

आपल्याकडे रुळांची जागा आता बदलता येणार नाही, भिंत मात्र बदलता येते. मागच्या बाजूला एक दिंडी दरवाजा काढला, तर पाऊण किलोमीटरचे दीडशे मीटर होतात. सोसायटीच्या सभेत त्यावर सुरक्षेची हरकत येते आणि ती खोटी नाही. दुसऱ्या वॉचमनचा पगार मेंटेनन्समध्येच येतो. म्हणूनच हा प्रश्न सभेवर न सोडता, पुनर्विकासासाठी भूखंड मोकळा होतो आणि वाढीव एफएसआय मंजूर होतो, त्याच वेळी आरपार सार्वजनिक पायवाटेची अट नकाशात घालायला हवी.