चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

ओआरएस, म्हणजे जुलाबात पाजायचं मीठ-साखरेचं पाणी, माहितीये का असं कुठल्याही आईला विचारा, हो म्हणेल. मग पाकीट हातात देऊन म्हणा, दाखवा बघू कालवून. तिथे खरी गंमत. पाकीट असतं सहसा एक लिटर पाण्याचं, पण कोणी सगळं एकाच ग्लासात ओततं, कोणी चमचाभर टाकून उरलेलं उद्याला ठेवतं. पहिल्यात मीठ इतकं की बाळालाच धोका, दुसऱ्यात नुसतं पाणी.

आणि प्रमाणाला महत्त्व आहेच कारण आतड्याच्या पेशींमध्ये सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेणारं एक दार असतं, जुलाबात बाकी गडबड झाली तरी ते सहसा चालू राहतं, आणि ही जोडी आत गेली की पाणी मागोमाग येतं. साखर फार झाली तर उलटंच, पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात (कोल्ड्रिंक पाजणाऱ्यांनो, ऐकताय ना).

बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने 1980 ला हे घरोघर शिकवायला घेतलं ते पाकिटाशिवायच. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर (जवळपास अर्धा लिटर) पाणी. शिकवणाऱ्या बाईने स्वतः करून दाखवून निघून जायचं नाही, आईच्याच हाताने करून घ्यायचं, आणि लक्षात ठेवायचे मुद्दे फक्त दहा. पण मला भारी वाटलं ते पगाराचं. काही आठवड्यांनी दुसरंच कोणी येऊन काही घरं अशीच निवडून आईला विचारणार, तिने केलेलं पाणी तपासायला नेणार, आणि आईला जेवढं आठवतंय त्यावर शिकवणारीचे पैसे. किती घरं केली त्यावर नाही!

तरी घोडं अडलंच. आयांना सगळं तोंडपाठ, पण पोर आजारी पडलं की वापर कमीच. शोधलं तर कळलं की शिकवणाऱ्यांचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता, स्वतःला जुलाब झाले की त्याही गोळ्याच घ्यायच्या. मग आधी त्यांनाच हे पाणी कसं काम करतं ते नीट समजावलं. आणि बाजारात, मशिदीत जाऊन पुरुषांशी बोलणं सुरू केलं, कारण आईला कितीही येत असलं तरी घरात औषध आणायचं की गुळाचं पाणी पाजायचं हे ठरवायला नवरा असतोच. 1990 पर्यंत अशी सव्वा कोटीच्या आसपास घरं झाली.