मूव्हिंग जिलेटिन प्लेट्स : चार वर्षांत आटोपलेला एक फ्रेंच बँड

१९७१ मध्ये एक एलपी, १९७२ मध्ये दुसरी, आणि त्याच वर्षी बँड बंद. मूव्हिंग जिलेटिन प्लेट्सची नोंद बहुतेक ठिकाणी एवढ्यावरच उरकलेली असते. मला ते अन्यायाचं वाटतं. त्या काळात फ्रान्समध्ये जाझ आणि रॉक एकमेकांत किती सहज मिसळले होते, हे या दोन रेकॉर्ड्सइतकं स्पष्ट फार थोड्या ठिकाणी ऐकू येतं.

पॅरिसच्या वायव्येला सेन नदीच्या वळणावर सार्त्रूव्हिल नावाचं उपनगर आहे. बेसवादक दिदिए तिबो आणि गिटारवादक जेरार बेर्त्राम यांची ओळख इथे शाळकरी वयातच झाली. १९६८ मध्ये बँड उभा राहिला. ड्रम्सवर जेरार पॉन्स होता. मॉरिस हेल्मलिंगर सॅक्सोफोन, ट्रम्पेट, बासरी आणि ऑर्गन अशी चारही वाद्यं वाजवायचा, त्यामुळे चौघांचा बँड कानाला कितीतरी मोठा वाटतो. याच गावात तेव्हा पात्रिस शेरो हा तरुण दिग्दर्शक १९६६ पासून नाट्यगृह चालवत होता. १९६९ मध्ये ते कर्जात बुडालं. उपनगरात काही नवं करू पाहणाऱ्यांना पैशाची अडचण काही नवी नव्हती.

या संगीताचं मूळ शोधायचं तर आधी सॉफ्ट मशीनकडे जावं लागतं. कँटरबरीच्या या इंग्लिश बँडने १९६७ चा उन्हाळा फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर काढला होता. परतताना त्यांचा ऑस्ट्रेलियन गिटारवादक डेव्हिड ॲलनला ब्रिटनने प्रवेश नाकारला. तो पॅरिसमध्येच राहिला आणि तिथे त्याने गाँग हा बँड काढला. शिवाय १९६९ मध्ये आर्ट एन्सेंबल ऑफ शिकागोसारखे अमेरिकन फ्री जाझ (ठरलेल्या चौकटीबाहेर मोकळेपणाने वाजवलेला जाझ) वादक पॅरिसमध्ये मुक्कामाला आले होते. हे दोन्ही प्रवाह एकाच मंचावर आले ते ऑक्टोबर १९६९ मध्ये, आमूजीला. 'आक्तुएल' मासिक आणि बीवायजी रेकॉर्ड कंपनीने ठरवलेल्या या महोत्सवाला फ्रेंच अधिकाऱ्यांनी पॅरिसजवळ परवानगी दिली नाही, म्हणून तो सीमेपलीकडच्या एका बेल्जियन खेड्यात, तंबूत भरवावा लागला. कडाक्याच्या थंडीत पाच दिवस लोकांनी पिंक फ्लॉइड, सॉफ्ट मशीन, आर्ची शेप आणि आर्ट एन्सेंबल पाठोपाठ ऐकले. जाझचा श्रोता वेगळा आणि रॉकचा वेगळा, हा हिशेब तिथे मोडला.

पुढच्याच वर्षी पॅरिसजवळच्या ल बूर्जेच्या महोत्सवात वाजवल्यावर मूव्हिंग जिलेटिन प्लेट्सकडे लोकांचं लक्ष गेलं आणि सीबीएस या रेकॉर्ड कंपनीने त्यांना करारबद्ध केलं. पहिल्या रेकॉर्डची सुरुवात 'लंडन कॅब'ने होते. तिबोचा बेस फझ (आवाज खरखरीत करणारं उपकरण) लावून गुरगुरतो, त्यावर सॅक्सोफोन आणि गिटार एकच धून जोडीने म्हणतात, आणि ती धून नीट कानात बसायच्या आत लय बदलते. सॉफ्ट मशीनचं ऋण उघड आहे, पण इथे खेळकरपणा जास्त आहे, घाईही जास्त आहे. जवळपास पंधरा मिनिटांच्या 'लास्ट साँग'मध्ये मात्र चौघंही एकमेकांना भरपूर जागा देतात. दुसरी रेकॉर्ड 'द वर्ल्ड ऑफ जीनियस हान्स'. तिचं लांबलचक शीर्षकगीत मला त्यांचं सर्वांत पक्कं काम वाटतं. इथेही तुकडे अनेक आहेत, पण एकातून दुसऱ्यात जाताना सांधा दिसत नाही.

मग बँड का थांबला? कारण पैसा, आणि पैसा येण्याचे मार्ग आधीच अरुंद होत गेले होते. १९७० च्या उन्हाळ्यात दक्षिण फ्रान्समधले महोत्सव कोलमडले. बियो या गावी जमाव तिकिटं न काढताच आत घुसला आणि कार्यक्रम अर्ध्यावर सोडावा लागला. पिंक फ्लॉइडला मंचावर जाताच आलं नाही. गृहमंत्री रेमाँ मार्सलँ यांना तर १९६८ च्या मे महिन्यातल्या विद्यार्थी-कामगारांच्या उठावानंतर तरुणांच्या मोठ्या जमावाचीच धास्ती होती, त्यामुळे परवानग्या मिळणं अवघड झालं. उरली ती गावोगावची युवक-संस्कृती केंद्रं. तिथे मन लावून ऐकणारे लोक भेटत, पण सभागृह छोटं आणि बिदागी तुटपुंजी. रेडिओवर लोकप्रिय गाण्यांचं राज्य होतं. पंधरा मिनिटांची, बहुतांशी वाद्यांवर चालणारी रचना तिथे कोण लावणार? मॅग्मासारखा फ्रेंच बँड टिकला, पण त्यांच्यामागे जॉर्जिओ गोमेल्स्कीसारखा मुरलेला व्यवस्थापक उभा राहिला होता. सार्त्रूव्हिलच्या चौघांना तसा कोणी मिळाला नाही.

तिबोने १९८० मध्ये 'मूव्हिंग' नावाने एक रेकॉर्ड केली. त्याआधी, १९७९ मध्ये, नर्स विथ वुंड या इंग्लिश बँडने आपल्या पहिल्या रेकॉर्डसोबत आवडत्या अनवट कलाकारांची लांब यादी छापली होती. तिच्यात मूव्हिंग जिलेटिन प्लेट्सचं नाव होतं आणि जुन्या रेकॉर्ड्स हुडकणारे त्या नावाच्या मागे लागले. पुढे म्यूझेआ या फ्रेंच कंपनीने जुनं काम सीडीवर आणलं. २००६ मध्ये तिबोने नवे वादक घेऊन, बँडच्या मूळ नावानेच 'रिमूव्हिंग' हा अल्बम काढला.