कमरेला कागद खोचणारा पक्षी

दुकानात ‘लव्हबर्डची जोडी द्या’ म्हटलं, की बहुतेक वेळा हातात बजरीगर पडतात. ते ऑस्ट्रेलियातले. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला: लांबी 13 ते 18 सेंटिमीटर, वजन जेमतेम 50 ग्रॅम, आखूड शेपटी आणि अंगाच्या मानाने भलतीच दणकट चोच. त्याच्या नऊ जातींपैकी पाळण्यात सर्रास दिसतो तो नामिबिया-अंगोलाकडच्या रखरखीत मुलखातला, गुलाबी तोंडाचा.

आमच्याकडे अशी एक मादी आहे. बाहेर सोडली की थेट रद्दीकडे. कागदाच्या कडेने चोचीने टकटक छिद्रं पाडत जाते, जुन्या पोस्टाच्या तिकिटांना असायची तशी, आणि लांबलचक पट्टी सरळ कापून काढते. मग मान मागे वळवून ती पट्टी शेपटीच्या वरच्या पिसांत खोचते. अगदी पदर खोचावा तशी! चार-पाच झाल्या की उडते. निम्म्या वाटेतच गळतात. रानात हेच साली आणि पानांचं चालतं, घरट्यासाठी.

फिशर नावाची जात मात्र पट्टी चोचीत धरून नेते. कॉर्नेल विद्यापीठातले विल्यम डिल्गर यांनी या दोन जातींचा संकर केला आणि 1962 साली त्याविषयी लिहिलं. संकरित पक्षी आधी खोचायला जायचे, पण ते काही जमायचं नाही. पट्टी पिसांत घालून चोच सोडायचीच विसरायची, नाहीतर भलत्याच जागी खोचायची. चोचीतून नेणं अंगवळणी पडायला सुमारे तीन वर्षं लागली, आणि तरीही निघण्याआधी मान मागे वळायचीच. दोन्ही घरांचं वळण एकाच पोरात उतरलं, की हे असं व्हायचंच.

चोच हा लव्हबर्डचा तिसरा पायही आहे. उभ्या पृष्ठभागावर चढताना हा पक्षी मानेच्या जोरावर पायाइतकाच भार ओढतो, हे 2022 मध्ये मोजून दाखवलं गेलं. तेव्हा पिंजऱ्याला आडव्या गजांची बाजू हवीच.

एका गोष्टीत मात्र हयगय नको. पक्ष्यांच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहत जाते, त्यामुळे प्राणवायू झटकन शोषला जातो आणि विषारी वायूही. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला, तर त्याच्या वाफेने पक्षी मिनिटांत दगावू शकतो. आमच्याकडे म्हणून लोखंडी तवा परत आला. अ‍ॅव्होकाडोही त्याला विषच.

मादी नराशिवायही अंडी घालते. ती फळत नाहीत, पण अंगातलं कॅल्शियम मात्र जातं, आणि कधी अंडं आतच अडकून जिवावर बेतते. कॅल्शियमसाठी समुद्रफेस (कटलफिशचं पांढरं कवच) पिंजऱ्यात टांगलेला असतोच. शिवाय घरट्यासारखा काळोखा कोपरा आणि कागद दिसता कामा नये. म्हणून रद्दी आता कपाटात असते. गेल्या आठवड्यात तिला भिंतीवरचं कॅलेंडर सापडलं. डिसेंबर अर्धाच उरलाय.