कान्हेरीवरची स्वारी

बोरिवलीला राहणारी माझी भाची नववीत आहे. शाळेच्या हस्तलिखितासाठी तिनं एक गोष्ट लिहिली आणि वही माझ्या हातात ठेवली. आजच्या मुंबईतली तीन मुलं काळयंत्रात बसून १,८०० वर्षं मागे जातात आणि कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांच्या डोंगरावर उतरतात. तिथे परग्रहावरून आलेल्या क्रूर टोळीनं भिक्षूंना वेढा घातलेला असतो. मुलं लढतात, टोळीला पिटाळून लावतात आणि दिवेलागणीच्या आत घरी परततात. शेवटच्या पानावर समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, "मावशी, यातलं काय काय खरंच होऊ शकतं?"

"छान लिहिलंयस हं" म्हणून वही परत करणं मला जमलं नाही. प्रश्न खरा होता. पुढच्या रविवारी वही पिशवीत टाकून आम्ही दोघी कान्हेरीला गेलो.

पायऱ्या चढून गेलं की पहिलंच लेणं अर्धवट लागतं. खांब कोरायला घेतलेले, आतलं काम सोडून दिलेलं. मला ते नेहमीच फार बोलकं वाटतं. पूर्ण झालेली वास्तू पाहून माणूस थक्क होतो. काम कसं चाललं होतं हे मात्र अपुरी वास्तू सांगते. ही लेणी माणसांच्या हातून होणं शक्यच नाही, ती परग्रहवासीयांनी कोरली, असं सांगणारे व्हिडिओ भाचीनंही पाहिले होते. मी तिला छिन्नीचे घाव दाखवले. मग शिलालेख दाखवले. ब्राह्मी लिपी आणि प्राकृत भाषा. त्यांत कल्याण, सोपारा, नाशिक, चेमुल म्हणजे आजचं चौल, अशा गावांची नावं आहेत. व्यापारी आहेत, सोनार आहेत. कोणी लेणं दिलं, कोणी पाण्याची पोढी, म्हणजे दगडातलं टाकं, खोदून दिली, कोणी भिक्षूंच्या चीवरांसाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, पैसे ठेवले. मूळ रकमेला हात न लावता नुसत्या व्याजावर खर्च चालवायचा, अशा ठेवीला या लेखांत अक्षयनीवी म्हटलंय. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहातल्या लेखात सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं नाव येतं, म्हणजे भाचीच्या गोष्टीतलाच काळ. ज्या लोकांनी पै-पै जमवून हा डोंगर कोरून घेतला, त्यांचं श्रेय दुसऱ्या ग्रहावरच्या कुणाला देऊन टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

सावलीला बसून वही उघडली. पहिला मुद्दा काळयंत्राचा.

भविष्यात जाण्यात काही अडचण नाही, ते अखंड चाललेलं आहे. मी तिला तळहात समोर धरायला सांगितलं. त्या तळहातातून साधारण दर सेकंदाला एक म्यूऑन आरपार जात होता. अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळतात आणि तिथे, सुमारे १५ किलोमीटर उंचीवर, म्यूऑन नावाचे कण तयार होतात. त्यांचं आयुष्य सरासरी २.२ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दुपटीहून जरा जास्त. एवढ्या वेळात प्रकाशाच्या वेगानं धावलं तरी ६६० मीटरच कापून होतील. या हिशेबानं बहुतेक सगळे म्यूऑन वरच्या वरच संपायला हवेत. तरी ते खालपर्यंत येतात आणि त्यांतले काही लेण्याचं दगडी छतही पार करून आत शिरतात.

आईन्स्टाईननं १९०५ मध्ये सांगितलं होतं की अतिवेगानं जाणाऱ्याचं घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा सावकाश चालतं, म्हणजे तो स्वतःच्या थोड्या वेळात आपल्या भविष्यात पोचतो. म्यूऑनचे दोन मायक्रोसेकंद आपल्याकडच्या कितीतरी जास्त वेळाएवढे असतात. विश्वकिरणांतल्या या अल्पायुषी कणांच्या क्षयावरून काळाचं हे लांबणं प्रत्यक्ष तपासता येईल, हे १९३८ मध्ये ज्यानं लिहिलं तो मुंबईचा मुलगा होता. होमी भाभा तेव्हा २८-२९ वर्षांचे होते आणि केंब्रिजमध्ये काम करत होते. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था, तुर्भ्याची अणुभट्टी हे सगळं नंतरचं. भाभांचं नाव घेताना आपल्याला अणुऊर्जाच आठवते, आणि काळ ताणला जातो याचा पुरावा कुठे सापडेल हे त्यांनी दाखवून दिलं होतं, ही गोष्ट मागे पडते. मला याची हळहळ वाटते. दोनतीन वर्षांतच प्रयोग झाले आणि कणांनी आईन्स्टाईनच्या बाजूनं साक्ष दिली.

माणसाच्या बाबतीत फरक नगण्य असतो. अंतराळ स्थानकात सहा महिने राहून आलेला अंतराळवीर आपल्यापेक्षा सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागानं तरुण राहतो. पण रिक्षा बोलावताना फोनवर जो निळा ठिपका दिसतो, तो या हिशेबाशिवाय जागेवर राहणार नाही. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं वेगामुळे थोडी मागे पडतात आणि तिथे गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे त्याहून जास्त पुढे जातात. वजाबाकी करून दिवसाला ३८ मायक्रोसेकंद उरतात. ती दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात चूक दहा किलोमीटरच्या घरात जाईल आणि बोरिवलीची रिक्षा तुम्हाला अंधेरीत शोधत बसेल.

भूतकाळात जाणं मात्र अवघड आहे. समीकरणं त्याला सरळ नाही म्हणत नाहीत. १९४९ मध्ये कुर्ट ग्यॉडेल या गणितज्ञानं आईन्स्टाईनच्याच समीकरणांतून असं एक विश्व मांडलं, जे स्वतःभोवती फिरतं आणि ज्यात प्रवास करत करत आपण स्वतःच्याच भूतकाळात पोचू शकतो. आपलं विश्व तसं फिरताना दिसत नाही. १९८८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दुसरी वाट दाखवली. अवकाशातल्या दोन जागा जोडणारा बोगदा, म्हणजे वर्महोल, कल्पायचा. त्याचं एक तोंड प्रचंड वेगानं फिरवून परत आणायचं. या तोंडापाशी काळ कमी गेलेला असतो, दुसऱ्यापाशी जास्त, म्हणून बोगद्यातून जाणारा मागच्या काळात निघू शकतो. हा बोगदा उघडा ठेवायला ऋण ऊर्जा, म्हणजे शून्याहूनही कमी ऊर्जा, लागते, आणि तेवढी ऋण ऊर्जा मिळवायची कशी हे कुणालाच माहीत नाही.

या यंत्राची एक अट मला विलक्षण वाटते. ते तयार झालं त्याच्या आधीच्या काळात ते नेऊ शकत नाही. आज मुंबईत कुणी असा बोगदा बांधला तर पुढच्या शतकातले लोक आजपर्यंत मागे येतील, सातवाहनांपर्यंत पोचणार नाहीत. म्हणजे तीन मुलांना १,८०० वर्षं मागे जायचं असेल तर त्या बोगद्याचं एक तोंड त्या काळातच कुणीतरी बांधून ठेवलेलं हवं. भाचीनं माझ्याकडे पाहिलं आणि वहीत लिहायला सुरुवात केली. ते तोंड परग्रहावरच्या टोळीनंच बांधलेलं असणार! मुलं शत्रूच्याच दारातून आत शिरतात. गोष्टीतली सगळ्यात मोठी फट भौतिकशास्त्रानं बुजवली, आणि तीही गोष्ट जास्त रंगतदार करून.

भूतकाळात गेल्यावर तो बदलता येईल का? रशियन शास्त्रज्ञ इगोर नोविकोव यांचं म्हणणं, नाही. जे घडून गेलंय त्यात तुमचं येणंही आधीच धरलेलं असतं. स्टीफन हॉकिंग त्याहून कडक होते. १९९२ मध्ये त्यांनी अशी अटकळ मांडली की काळयंत्र बनायची वेळ आली की निसर्गाचे नियमच ते बनू देत नसावेत. २८ जून २००९ रोजी त्यांनी कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली आणि आमंत्रणं जाहीर केली ती मेजवानी उरकल्यावर. कुणीही आलं नाही.

आता ती टोळी. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षं दूर आहे. १९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला १७ किलोमीटर वेगानं चाललंय. तेवढं अंतर तोडायला त्याला सत्तर हजारांहून जास्त वर्षं लागतील. माणसाच्या आयुष्यात पोचायचं तर प्रकाशाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा वेग हवा, आणि त्या वेगात नुसत्या एक किलो वजनात हिरोशिमावर पडलेल्या सात बाँबएवढी ऊर्जा असते. असं यान ज्यांच्याकडे आहे, त्यांना कान्हेरीला वेढा घालायची गरजच नाही. त्यांनी खरोखर हल्ला केला असता तर खूण उरली असती. अवकाशातून पृथ्वीवर झालेला सगळ्यात प्रसिद्ध आघात ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, सुमारे दहा किलोमीटर व्यासाच्या लघुग्रहाचा. त्याचं विवर मेक्सिकोत गाडलं गेलं, तरी त्यानं उधळलेलं इरिडियम जगभरच्या मातीच्या एका पातळ थरात १९८० पासून सापडत आलंय. साधारण त्याच काळात दख्खनच्या लाव्हाचे थर साचत होते. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी त्याच काळातली. एवढ्या जुन्या घावाचा डाग सापडतो, तर १,८०० वर्षांपूर्वीचा लपून राहिला नसता.

"म्हणजे टोळी रद्द?" तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, थांब. आक्रमक आहेतच तुझ्या गोष्टीत. ती तीन मुलं.

आपल्या प्रत्येकाच्या अंगात जवळपास ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, आपल्या स्वतःच्या पेशींच्या बरोबरीनं. शिवाय विषाणू. लोकलच्या गर्दीतून आलेल्या मुलाची साधी सर्दी आपल्याला साधी, कारण आपली शरीरं तिच्या भावंडांशी लहानपणापासून झुंजत आलीत. कान्हेरीच्या भिक्षूची ओळख त्या विषाणूशी नसणार. १८७५ मध्ये फिजी बेटांवर एका जहाजातून गोवर पोचला आणि दीड लाख वस्तीपैकी सुमारे ४० हजार माणसं दगावली. तिथे कुणी लढायला आलं नव्हतं. त्याआधी, १५२० मध्ये, मेक्सिकोत देवीच्या साथीनं जे केलं त्यापुढे स्पॅनिश तलवारी काहीच नव्हत्या.

मुंबईला हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. १८९६ मध्ये मांडवीच्या गोदामांत उंदीर मरू लागले आणि प्लेग शहरभर पसरला. लाखो माणसं मुंबई सोडून गावाकडे पळाली. जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहानशा जागेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. तो जंतू दोन वर्षं आधी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला ओळखला गेला होता, तरी पिसवा तो उंदरांपासून माणसांपर्यंत नेतात हे १८९८ पर्यंत कळलं नव्हतं. कान्हेरीच्या भिक्षूंकडे यातलं काहीच नसतं. आणि देवीची लस आता सर्वसामान्य लोकांना देत नाहीत, त्यामुळे त्या काळात कुठे देवीची साथ असली तर आपली मुलंही तितकीच उघडी पडतील.

गंमत म्हणजे खऱ्या परग्रहवासीयांचा रोग आपल्याला लागायची शक्यता त्यामानानं कमी आहे. विषाणूला पेशीत शिरायला कुलपात नेमकी बसणारी किल्ली लागते, आणि ती किल्ली सोबत उत्क्रांत होतानाच घडते. पृथ्वीवरच्या जीवांची प्रथिनं जवळजवळ सगळी डावखुऱ्या अमिनो आम्लांची आहेत, म्हणजे डाव्या-उजव्या हातासारख्या दोन घडणींपैकी डाव्या घडणीच्या रेणूंची. दुसरीकडचं जीवन उजवं निघालं तर त्यांना आपल्याला खाऊन पचवताही येणार नाही. माणसाला खरा धोका माणसाचाच, दुसऱ्या काळातला असला तरी.

अवकाश संशोधनात ही काळजी अगदी मनापासून घेतात. अपोलो-११ चे तिघे परतल्यावर चंद्रावरच्या मातीशी संबंध आल्यापासून २१ दिवस त्यांना वेगळं ठेवलं होतं. मंगळावर १९७६ मध्ये उतरलेली व्हायकिंग यानं निघण्याआधी शंभर अंशांच्या वर तापमानात तासन्‌तास भाजून घेतली होती, पृथ्वीचे जंतू तिकडे जाऊ नयेत म्हणून. आणि कसिनी यान! वीस वर्षांची मोहीम, शनीभोवती तेरा वर्षं. इंधन संपत आलं तेव्हा ते तसंच फिरत सोडलं असतं तर एखाद दिवशी शनीच्या एन्सेलॅडस या चंद्रावर आदळलं असतं. त्या चंद्राच्या बर्फाखाली पाणी आहे. तिथे कुणी असेल-नसेल, पण आपला जंतू तिथे पोचता कामा नये, म्हणून १५ सप्टेंबर २०१७ रोजी शास्त्रज्ञांनी ते यान मुद्दाम शनीच्या वातावरणात लोटून जाळलं. नियंत्रण कक्षातले लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. ते दृश्य मी जेव्हा जेव्हा पाहते, तेव्हा माझे डोळे भरून येतात.

भाची बराच वेळ गप्प होती. मग तिनं लढाईची तीन पानं आडव्या रेघेनं खोडली. आता मुलं आल्या आल्या कुणाला भेटत नाहीत. २१ दिवस डोंगरावरच्या सगळ्यात वरच्या, रिकाम्या लेण्यात थांबतात, घरून आणलेलं कोरडं खातात आणि पोढीतलं पावसाचं पाणी पितात.

निघताना आम्ही त्या वरच्या लेण्यापर्यंत गेलो. दगडात कोरलेले पन्हळ पाणी एका पोढीतून पुढच्या पोढीकडे नेतात, तिथून आणखी खाली. ती वाकून त्या पन्हळात बोट फिरवत राहिली. "मावशी, वरच्यांनी हात धुतले तर ते पाणी खालच्यांकडेच जाणार ना?" तिनं विचारलं. मग पायरीवर बसून वही उघडली, "वरच्या" खोडलं आणि तिथे "खालच्या" असं लिहिलं.