कॉकापूची अ‍ॅलर्जी होत नाही?

‘कॉकापू घ्या, त्याचे केस गळत नाहीत, म्हणून अ‍ॅलर्जीही होत नाही.’ ही समजूत इतकी रुजली आहे की पिल्लं विकणारे तिच्याच जोरावर दर चढवतात.

कॉकापू म्हणजे कॉकर स्पॅनियल आणि पूडल या कुत्र्यांच्या दोन जातींचा संकर. पूडल बहुधा मिनिएचर किंवा टॉय, म्हणजे लहान आकाराचा. पूडलचे कुरळे केस कमी गळतात, हे खरं. कॉकरचे मात्र चांगलेच गळतात. पिल्लू कुणाच्या वळणावर जाईल याचा नेम नसतो. एकाच वेतातली दोन भावंडंही वेगळी निघतात. २००९ साली संशोधकांनी दाखवलं की कुत्र्यांच्या केसांतला बहुतेक फरक अवघ्या तीन जनुकांवर ठरतो. आता जनुकांची वाटणी काही आपल्याला विचारून होत नाही.

पण खरी गोम वेगळीच आहे. अ‍ॅलर्जी केसांमुळे होतच नाही. ती होते कुत्र्याच्या लाळेतल्या, त्वचेच्या कोंड्यातल्या आणि मूत्रातल्या प्रथिनांमुळे. त्यातलं ‘कॅन एफ १’ हे प्रमुख. केस गळोत न गळोत, कुत्रा स्वतःला चाटणार आणि कोंडाही झडणार. २०१२ च्या एका डच अभ्यासात तर ‘अ‍ॅलर्जीमुक्त’ म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या केसांवर हे प्रथिन इतर कुत्र्यांपेक्षा जास्तच सापडलं. घरांतल्या हवेत फारसा फरक नव्हता.

घरात कुणाला त्रास असेल, तर पैसे मोजण्याआधी त्याच पिल्लासोबत चार-पाच वेळा तासभर बसून बघा.