शास्त्रपाठ, ख्रिस्ती (कोकण)

बायबलमधील एखादा उतारा वाचून त्याच्या आधारे श्रद्धा आणि शिष्यत्व यांविषयी दिलेली शिकवण. वाचन, अर्थकथन, प्रश्नोत्तरे आणि वचनाचे पाठांतर ही तिची सर्वपरिचित अंगे. कोकण किनाऱ्यावर तिला एकच नाव नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत शास्त्रपाठ किंवा शब्बाथ शाळा म्हणतात, वसईकडील कॅथलिकांत धर्मशिक्षण हा शब्द चालतो, तर गोवा आणि त्याला लागून असलेल्या भागात पोर्तुगीज ‘दोउत्रीना’वरून आलेला दोतोर्न हा शब्द रूढ आहे. नावांतील हा भेद वरवरचा नाही. दोतोर्न मुळात ठरावीक प्रश्नोत्तरांची आणि प्रार्थनांची शिकवण होती. उताऱ्याचे प्रत्यक्ष वाचन तीत नंतर आले.

या प्रथेचा कोकणातील प्रारंभ वादग्रस्त आहे. सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासी कॉस्मास इंडिकोप्लेउस्तेस याने ‘कल्लियाना’ येथे इराणात दीक्षित झालेला बिशप असल्याचे लिहिले आहे. हे स्थळ म्हणजे ठाण्याजवळचे कल्याण, असे अनेकांनी मानले. काहींनी ते उडुपीजवळचे कल्याणपूर ठरवले. कल्याणच्या बाजूने पुरावा अधिक वजनदार वाटतो, कारण पश्चिम किनाऱ्यावरील मोठे बंदर म्हणून त्याची ख्याती त्याआधीच्या ग्रीक लेखनातही आढळते. प्रेषित बर्थलमय याने कल्याण परिसरात धर्मप्रसार केल्याचे मतही मांडले गेले आहे. ते परंपरा म्हणून नोंदवावे, इतकेच. १३२१ मध्ये ठाणे येथे चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंचा वध झाला. त्यांचा सोबती, जॉर्डनस हा डॉमिनिकन धर्मगुरू, पुढे काही काळ या किनाऱ्यावर वावरला. मात्र या सर्व काळातील पाठाची एकही ओळ हाती नसल्याने, आजच्या प्रथेचा धागा तेथपर्यंत नेणे धाडसाचे होईल.

निश्चित इतिहास सोळाव्या शतकापासून मिळतो. गोवा १५१० मध्ये, तर वसई १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेली. १५४२ मध्ये गोव्यात उतरलेले जेझुइट (येशूसंघी) धर्मप्रसारक फ्रान्सिस झेव्हियर रस्त्यातून घंटा वाजवीत मुलांना गोळा करीत आणि प्रार्थना चालीवर म्हणवून घेत. शिकवण चालीत बांधण्याची ही रीत येथे टिकली. त्यापलीकडचे पाऊल टाकले ते टॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) या इंग्रज जेझुइटाने.

स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले आणि उर्वरित आयुष्याचा बहुतांश काळ साष्टीत राहिले. (ही साष्टी गोव्यातील, मडगाव-राशोल भागातील; ठाण्याची साष्टी वेगळी. जुन्या संदर्भग्रंथांत या दोहोंची गल्लत झालेली दिसते.) ख्रिस्तपुराण या त्यांच्या ओवीबद्ध ग्रंथाच्या आरंभी प्रसंग येतो तो असा : साष्टीतील देवळात रविवारी मुलांना शिकवण देणे चालू असताना एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रीगुरूंना विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? ग्रंथ हे या प्रश्नाचे उत्तर आहे. हा संवाद प्रत्यक्ष घडला की पुराणाच्या चौकटीसाठी रचला, हे सांगता येत नाही. श्रोता प्रश्न विचारतो आणि वक्ता कथा सांगू लागतो, ही पुराणांची नेहमीचीच घडण आहे. ग्रंथाचे दोन भाग असून पहिल्यात जुन्या करारातील कथा, तर दुसऱ्यात येशूचे चरित्र आहे. एकूण ओव्या १०,९६२. स्वर्गासाठी वैकुंठासारखे शब्द स्टीफन्स निःसंकोच वापरतात. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या शाळेच्या पुस्तकांमुळे सर्वांना पाठ आहेत. ज्या शिकवणीसाठी ग्रंथ लिहिला, ती वाचणारे मात्र थोडे, हे येथे नोंदवले पाहिजे.

ग्रंथ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापला गेला. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्याचे मानतात. या तिन्हींपैकी एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. त्यामुळे मूळ संहिता कोणत्या लिपीत आणि कोणत्या भाषेत होती, हा वाद उभा राहिला. जे. एल. सालढाणा यांनी हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूर येथे काढलेली आवृत्ती रोमन लिपीत आहे. तीत कोंकणी रूपे आणि पोर्तुगीज धर्मशब्द मिसळलेले आहेत. पुढे लंडन येथील मार्सडेन संग्रहात देवनागरी हस्तलिखित आढळले. त्यात पोर्तुगीज शब्दांच्या जागी बहुधा संस्कृत शब्द येतात आणि मराठीही अधिक सफाईची आहे. जस्टिन ॲबट यांनी १९२३ मध्ये हीच मूळ संहिता असल्याचे प्रतिपादिले. याउलट, हे कोणा जाणत्याने नंतर केलेले शुद्धीकरण असावे, असेही म्हणता येते. ॲबट यांच्या मताला पोषक अशी एक गोष्ट आहे : स्टीफन्स यांनी १६०८ च्या पत्रात या देशाच्या भाषेत आणि लिपीत पुस्तके छापण्याची आपली जुनी इच्छा रोमला कळवली होती आणि अक्षरसाच्यांची मोठी संख्या ही त्यातील अडचण असल्याचेही लिहिले होते. म्हणजे रोमन लिपी ही छापखान्याची सोय होती, लेखकाची निवड नव्हे. पण लिपीबाबत जे सिद्ध होते, ते शब्दांबाबत आपोआप सिद्ध होत नाही. देवळात ऐकणाऱ्या साष्टीकराच्या कानावर पाद्री, इग्रेज (चर्च) हे शब्द रोज पडत होते. शिकवण्यासाठी लिहिणाऱ्याने ते टाळावेत, याला सबळ कारण दिसत नाही. म्हणून लिपीपुरते ॲबट यांचे म्हणणे स्वीकारावे आणि शब्दांचा प्रश्न खुला ठेवावा, हे बरे. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुणे येथून ग्रंथ देवनागरीत प्रसिद्ध केला.

स्टीफन्स यांचीच प्रश्नोत्तररूप दोउत्रीना कोंकणीत असून ती त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये निघाली. पंडितांनी ख्रिस्तपुराणाकडे जितके लक्ष दिले, तितके तिच्याकडे दिले नाही. मुलांच्या तोंडी रोज काय होते, हे जाणायचे तर तीच अधिक उपयोगी. १६८४ च्या फर्मानाने पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध पाऊल उचलले आणि १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी घेतली. यानंतरच्या शतकातील शिकवणीविषयीची माहिती त्रोटक आहे.

प्रॉटेस्टंट प्रवाह मध्य कोकणात आला तो १८२३ मध्ये. त्या वर्षी स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे डोनाल्ड मिचेल बाणकोटास पोहोचले आणि लवकरच वारले. त्यांच्या मागून आलेल्यांनी बाणकोट व हर्णै येथे शाळा चालवल्या. शाळेतील वाचनपाठ आणि शास्त्रपाठ यांत फारसा फरक नव्हता. काही वर्षांतच कामाचा भर पुणे-मुंबईकडे सरकला. नवा करार मराठीत १८२६ मध्ये मुंबईस, तर संपूर्ण बायबल १८४७ मध्ये निघाले. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेले नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी शिष्यत्वाचा आशय अभंगांत आणला. पण त्यांचे कार्य घाटावर झाले.

शिष्यत्वाच्या पाठांत मासेमाऱ्यांचे उतारे किनाऱ्यावर विशेष महत्त्वाचे ठरतात, आणि तेथे भाषांतराचा एक प्रश्न आहे. मूळ ग्रीकमध्ये जाळ्यांना तीन शब्द आहेत. मत्तय ४:१८ मध्ये पेत्र व अंद्रिया टाकतात ते ‘आम्फिब्लेस्त्रोन’, म्हणजे एकट्याने फेकायचे गोल जाळे. कोकणात त्याला पाग म्हणतात. मत्तय १३:४७ मधील ‘सागेने’ नव्या करारात एकदाच येते : लांबलचक जाळे पाण्यात पसरायचे, अनेकांनी मिळून किनाऱ्याला ओढायचे, मग वाळूत बसून चांगली मासळी भांड्यांत आणि टाकाऊ बाजूला. मालवण-वेंगुर्ल्याकडील वाचकाला हे वर्णन समजावून सांगावे लागत नाही. ती रापण आहे. लूक ५ आणि योहान २१ मधील ‘दिक्त्युआ’ हा जाळ्यांसाठीचा सामान्य शब्द. मराठी बायबल तिन्ही ठिकाणी ‘जाळे’ म्हणते. अर्थ चुकत नाही, पण एक छटा जाते : पाग टाकणाऱ्याला बोलावणे हे एकट्याला बोलावणे आहे, तर रापणीचा दाखला सगळ्या गावाच्या ओढण्याचा आणि निवाड्याचा. वसई-उत्तन पट्ट्यातील डोल, जे भरती-ओहोटीच्या ओढीवर तोंड उघडे ठेवून लावतात, त्याला मात्र बायबलमध्ये जोड नाही. गालील हा गोड्या पाण्याचा तलाव, तेथे ओहोटीच नाही.

‘माणसे धरणारे’ या प्रयोगाविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. मार्क १:१७ मध्ये मूळ शब्द सरळ ‘मासेमार’ असा आहे. लूक ५:१० मध्ये मात्र ‘झोग्रोन’, म्हणजे जिवंत धरणारा. मासळी धरली की मरते, माणूस धरला की जगतो, हा भेद लूकच्या शब्दातच आहे. ‘धरणे’ या क्रियापदात तो उतरत नाही, म्हणून पाठ देणाऱ्याला तो उलगडून सांगावा लागतो. रात्रभर राबून काही न लागणे (लूक ५:५) याला मात्र कोळीवाड्यात स्पष्टीकरणाची गरज नाही. शेतीचे उतारे तितके जवळचे नाहीत. पेरणाऱ्याच्या दाखल्यातील (मत्तय १३) फेकून पेरणे तरवा काढून लावणी करणाऱ्या भातशेतीहून वेगळे, आणि गव्हाचा दाणा (योहान १२:२४) कोकणात पिकत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) मराठी व कोंकणीत होऊ लागली आणि १९६९ पासून रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र आले. पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. त्यामुळे शिष्यांना बोलावण्याचा प्रसंग दरवर्षी, पण वेगळ्या शब्दांत कानी येतो. जाळ्याचा दाखला मत्तयाच्या वर्षी सतराव्या सामान्य रविवारी (मोठ्या सणांच्या काळाबाहेरील रविवारांपैकी सतराव्या), म्हणजे जुलैच्या अखेरीस वाचला जातो, तेव्हा पावसाळी बंदीमुळे होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे सुबोध बायबल (२०१०, साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार २०१३) पाठाच्या तयारीस सोयीचे आहे. वसई धर्मप्रांत १९९८ मध्ये, तर सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ मध्ये स्थापन झाला; दुसऱ्यात मराठी, मालवणी आणि कोंकणी बोलणारे एकाच बाकावर बसतात. मधल्या रत्नागिरी पट्ट्यात ख्रिस्ती वस्ती विरळ आहे.